जनाज्याला खांदा देणारा मोहल्ला

आपल्या मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की कुणाला काही सांगावे लागत नाही. मशिदीच्या भोंग्यावरून एलान होते. कुणी कफनाचे कापड आणायला धावतो, कुणी कब्रस्तानात कबर खोदायला सांगून येतो. गुस्ल देणारे न बोलावता हजर होतात. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारहून जेवणाचे डबे येतात. मयत बंगल्यातली की हातगाडीवाल्याची, हे कुणी विचारत नाही. ज्याच्याशी दहा वर्षे बोलचाल बंद होती, तोही चार पावले जनाज्याला खांदा देऊन जातो.

यामागे फिकहमधली एक साधी पण फार खोल कल्पना आहे. फर्ज दोन प्रकारचे मानले आहेत. नमाज, रोजा हे फर्ज-ए-ऐन. ते ज्याचे त्याने करायचे. माझ्या वतीने दुसऱ्याने केले म्हणून माझे सुटत नाही. दुसरा प्रकार फर्ज-ए-किफायाचा. ही जबाबदारी साऱ्या वस्तीची असते. काहींनी ती पार पाडली तर सगळे सुटले. कुणीच पार पाडली नाही तर सगळे गुन्हेगार. जनाज्याची नमाज, मयतीचा गुस्ल आणि दफन या प्रकारात येतात. म्हणूनच आपल्याकडे बेवारस मयतही बिनकफनाची जात नाही, आणि याचा आपल्याला रास्त अभिमान आहे.

पण त्याच गल्लीत एखादे दार असे असते की ज्यामागे कुणी जिवंत माणूस महिनोन् महिने कोंडलेला असतो. तो रात्री ओरडतो. किंवा ओरडतही नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. गल्लीला हे ठाऊक असते. मुले त्या दारावरून पळत जातात. बाया एकमेकींच्या कानात सांगतात, ‘साया है उसपे.’ घरातले पाहुण्यांना सांगतात, ‘तबियत ठीक नहीं.’ तिथे कुणी डबा घेऊन जात नाही. मेलेल्याला खांदा देणारा हा मोहल्ला जिवंताच्या दारात का थबकतो? मनाने आजारी असलेल्या माणसाची सोबत फर्ज-ए-किफायात येते की नाही? मला वाटते, येते. ते का, आणि कशा रीतीने, याचा विचार या लेखात करायचा आहे.

इमाम गझाली (इ. स. १०५८-११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात वैद्यकाची गणना फर्ज-ए-किफायात केली आहे. गावात वैद्य नसेल तर तो साऱ्या गावाचा दोष, असे त्यांचे म्हणणे. जो तो फिकहच्या वादविवादात शिरतो आणि वैद्यकाकडे पाठ फिरवतो, अशी तक्रारही त्यांनी केली आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आज वाचली तर कालच लिहिल्यासारखी वाटते.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा एकाच वळणावर जाते: दवा की दुआ? सुशिक्षित म्हणतात, दर्गे बंद करा. घरातली वडील माणसे म्हणतात, डॉक्टरांना यातले काय कळते. मला हा वादच खोटा वाटतो. अल्लाहने आजार दिला तसा त्याचा इलाजही दिला आहे, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात शरीराचा आजार आणि मनाचा आजार अशी फाळणी नाही. आपल्या पूर्वजांनीही ती केली नव्हती. नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्रच ग्रंथ लिहिला आणि भीती, राग, उदासी, नको त्या विचारांचा पिच्छा यांचा वेगवेगळा विचार केला. दमास्कसमध्ये नूरुद्दीन झंगीने ११५४ च्या सुमारास बीमारिस्तान उभारले. कैरोमध्ये १२८४ मध्ये सुलतान कलावूनचे प्रचंड रुग्णालय सुरू झाले. तिथे मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता, आणि गरीब-श्रीमंत, गावचा-परगावचा असा भेद न करता इलाज होत असे. हा सगळा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले.

हा इतिहास आपण जलशांतून मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तो नीट ऐकला तर तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. तेव्हा वक्फच्या पैशावर वेड लागलेल्याच्या अंथरुणाची, जेवणाची आणि औषधाची सोय होत होती. आज त्याच वक्फच्या जागांवर काय उभे आहे, हे ज्याने त्याने आपापल्या गावात फिरून पाहावे.

६ ऑगस्ट २००१ ची पहाट आपण विसरता कामा नये. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे प्रसिद्ध दर्गा आहे. त्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी ‘घरे’ निघाली होती. त्यातल्या एका घराच्या झापाच्या शेडला आग लागली आणि २८ माणसे जळून मेली. त्यांना पळता आले नाही, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, देशभर ओरड झाली, तिथली तशी घरे बंद करण्यात आली.

या २८ जणांचा गुन्हेगार कोण? घर चालवणारा तर होताच. पण त्या साखळीची पहिली कडी तिथे घडलेली नव्हती. ती घडली त्यांच्या त्यांच्या गावात: जवळ डॉक्टर नव्हता तिथे, असला तरी त्याची फी परवडत नव्हती तिथे, बहिणीचा रिश्ता मोडेल या भीतीत, शेजाऱ्यांच्या नजरेत. आईबापांनी लेकराला तिथे सोडले ते सगळ्यांनीच दुष्टाव्याने सोडले, असे मला वाटत नाही. थकलेल्या माणसाच्या प्रेमाला जेव्हा कुणाचाच हात मिळत नाही, तेव्हा ते प्रेम शेवटी दोरी शोधते. फर्ज-ए-किफाया कुणीच पार पाडला नाही तर गुन्हा सगळ्यांचा, याचा अर्थ एरवाडीत मला प्रथम नीट कळला.

तरीही दर्ग्याला नुसती शिवी देऊन भागणार नाही. लोक तिथे का जातात, हे विचारले पाहिजे. दर्ग्यावर केसपेपर काढावा लागत नाही. तिथे भाषेची अडचण नाही. घरचे सगळे सोबत राहू शकतात. ‘वेडा’ असा शिक्का बसत नाही. ‘हाजिरी आली’ म्हणतात, म्हणजे दोष त्या माणसाचा राहत नाही. हिंदू येतो, मुसलमान येतो, बाई येते, म्हातारी येते. कुणी हटकत नाही. याउलट साऱ्या महाराष्ट्रात शासनाची मोठी प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. परभणीच्या किंवा धुळ्याच्या रोजंदारीवाल्याला यातले जवळचे कोणते? त्याच्या दृष्टीने दर्गा जवळ असतो, एवढे साधे गणित आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे २००८ पासून शासकीय मनोरुग्णालय आणि एका स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. दुआ झाली की मुजावरच म्हणायचा, आता शेजारच्या डॉक्टरसाहेबांनाही दाखवा. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्याच तोंडून औषधाची शिफारस झाली. श्रद्धा मोडावी लागली नाही आणि औषधही पोटात गेले. मला यात एक नैतिक धडा दिसतो. ज्याला आपण अडाणी म्हणून बाजूला सारतो, तो मदतीचा पहिला उंबरठा होऊ शकतो.

मात्र एक रेघ ओढलीच पाहिजे. साखळी, मार, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणे यांना श्रद्धेच्या नावाने माफी नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे गुन्हा ठरवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमानेही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. त्या माणसाला वेदना होते का आणि त्याच्या मर्जीला काही किंमत आहे का, या दोन प्रश्नांनीच ही रेघ ठरते. दुआ या दोन्ही कसोट्यांवर टिकते. साखळी कधीच टिकत नाही.

आणि खुद्द शरीयत काय सांगते? झोपलेला, मूल आणि ज्याची अक्कल ठिकाणावर नाही तो, या तिघांच्या कर्माचा हिशेब लिहिला जात नाही, असे हदीसमध्ये आहे. सूरह निसामध्ये असमंजस माणसांबद्दल आदेश आहे तोही पाहा. त्यांची मालमत्ता त्यांच्या हाती सोपवू नका, पण त्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी भल्या रीतीने बोला, असा त्याचा आशय. अन्नवस्त्राच्या बरोबरीने नीट बोलण्याचा हुकूम आहे! ज्याच्यावरून अल्लाहने जबाबदारी उचलून घेतली, ती जबाबदारी हवेत विरत नाही. ती उरलेल्या शहाण्यांच्या खांद्यावर येते. असे असताना आपण त्यालाच सजा देतो. कुणाला खोलीत कोंडतो, कुणाला वारशातून गुपचूप वगळतो. बाई असेल तर माहेरी पाठवून देतो.

बाईची गोष्ट तर वेगळीच सांगितली पाहिजे. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने नवरा दोन वर्षे वेडा असेल तर बायकोला कोर्टात जाऊन फारकत मागण्याचा हक्क दिला. प्रत्यक्षात मी पाहते ते असे: नवरा आजारी पडला तर बायको शिवणकाम करून घर चालवते आणि त्याला सांभाळते. बायको आजारी पडली तर पंधरा दिवसांत तिचा भाऊ बोलावला जातो. आजार तोच, पण त्याचे वजन सगळ्यांच्या खांद्यावर सारखे पडत नाही.

ज्यांचा आजार इतका उघड दिसत नाही, त्यांची स्थिती तर आणखी कठीण. उदासीने ग्रासलेल्या माणसाला आपण सांगतो, ‘नमाज पढो, सब ठीक हो जाएगा.’ नमाजने दिलासा मिळतो हे खरेच. अनेकांना तोच एक आधार असतो. पण या वाक्याच्या पोटात आरोपही लपलेला असतो, की तुझा ईमान कच्चा म्हणून तू रडतोस. मधुमेह झालेल्याला आपण असे म्हणत नाही. सब्र म्हणजे गप्प बसणे, हे कुणी ठरवले? हजरत याकूब अलैहिस्सलाम यूसुफच्या दुःखात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, हे कुरआनच सांगते, आणि तरीही त्यांचा सब्र आदर्श मानला जातो. हजरत खदीजा आणि अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला सीरतच्या ग्रंथांनी ‘आमुल हुज्न’, दुःखाचे वर्ष, असे नाव दिले आहे. आपल्या परंपरेने एका अख्ख्या वर्षाला दुःखाचे नाव दिले. आपण मात्र शेजारणीला एक दुपारसुद्धा द्यायला तयार नाही.

आता भाषेबद्दल. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांच्या घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि सरकारी कागदावर इंग्रजी चालते. शरीराचे दुखणे कोणत्याही भाषेत बोट ठेवून दाखवता येते. मनाचे दुखणे फक्त शब्दांतच दाखवता येते. ‘दिल बैठ रहा’, ‘सर में गर्मी चढी’, ‘जी उचट गया’ हे ज्याला कळत नाही, तो डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्या हाती अर्धाच रुग्ण लागतो. सरकारी दवाखान्यात अशा वेळी दुभाषी कोण होते? बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी. ती सहावी-सातवीत असते, मराठी बोलू शकते, म्हणून आई तिला घेऊन जाते. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, ‘बाजी, अम्मी बोलती मरने का जी करता. ये डॉक्टर को मराठी में कैसा बोलूं?’ मला त्या मुलीचे व्याकरण दुरुस्त करायचे नव्हते. पुढल्या खेपेला मी त्यांच्यासोबत गेले आणि मुलीला बाहेरच्या बाकावर बसवले. आईच्या मरणाची इच्छा मुलीने भाषांतरित करावी लागणे, हा त्या मुलीवर अन्याय आहे. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात किशोरवयाची सारी लक्षणे होती, हे ओझे कुठे नव्हते.

म्हणून ‘सर्वांना सारखी सेवा’ या वाक्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. २०१७ च्या कायद्याचे २१ वे कलम मनोरुग्णाला शरीराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागणूक मिळावी असे सांगते, आणि १८ वे कलम धर्म, जात, लिंग, वर्ग असा भेद न करता सेवेचा हक्क देते. पण सारखा हक्क आणि सारखा दरवाजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो मराठी वाचू शकत नाही, ज्या बाईला पुरुष डॉक्टरसमोर बोलता येत नाही, जो यंत्रमाग कामगार एक खाडा झाला तर मजुरीला मुकतो, त्यांना एकच दरवाजा सारखा उघडा नसतो.

यावर कुणी विचारेल, मग काय मुसलमानांसाठी वेगळी केंद्रे काढायची? आधीच वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या. आता मनेही वेगळी तपासायची? हा आक्षेप हलका नाही. माझे उत्तर असे की दरवाजा मोहल्ल्यात असावा, पण घर सगळ्यांचे असावे. उर्दू समजणारी कार्यकर्ती वस्तीत बसावी आणि शेजारच्या वस्तीतल्या मातंग किंवा वडार बाईलाही तिथे येता यावे. पुण्यात बापू ट्रस्टने गरीब वस्त्यांमधून अशा पद्धतीचे काम केले आहे; ठाण्यात १९९० पासून आय.पी.एच. ही संस्था मराठीतून मनाच्या आरोग्याची भाषा घडवते आहे. शिवाय ‘मुस्लिम समाज’ म्हणजे तरी एक कुठे आहे? कोकणातली आखातात गेलेल्याची बायको, मालेगावचा मागावरचा कामगार, उत्तर प्रदेशातून भिवंडीत आलेला पोरगा, दर्ग्याजवळ राहणारी हिजडा, या सगळ्यांचे एकटेपण वेगवेगळे आहे.

जवळच्या मदतीत एक धोकाही आहे, तो लपवू नये. मदत जितकी जवळ, तितकी ती पाहणारी नजरही जवळ. मोहल्ल्यातल्या केंद्रात कोण गेले, हे संध्याकाळपर्यंत पाण्याच्या नळावर कळते. लोक दूरच्या शहरात जातात ते म्हणूनच. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण नळावर कायदा चालत नाही. तिथे अमानतची कल्पनाच चालेल. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत, आणि तिच्यात खयानत करणे हा गुन्हा, हे आपल्या आजीलाही माहीत होते. ज्याला गप्प राहता येत नाही, त्याने या कामात पडू नये.

आणखी एक शंका मला नेहमी सतावते. सगळेच दुःख आजार असते का? १९९२-९३ च्या दंगलीत ज्यांची घरे जळली, श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये येऊनही जे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले, त्यांच्या निद्रानाशावर गोळी हे उत्तर आहे का? बेरोजगार पदवीधराला समुपदेशकाकडे पाठवणे ही कधी कधी समाजाची आणि सरकारची पळवाट असते. न्यायाच्या जागी समुपदेशन नको, हे खरे. पण न्याय येईपर्यंत माणसाला झोप तर लागली पाहिजे. जो खचला, तो न्याय तरी कसा मागणार? म्हणून दोन्ही हवे, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता कामा नये.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला ‘टेलि-मानस’ सुरू झाले. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असे २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम सांगते. खुदकुशी हराम आहे, हे आपण सगळे मानतो. पण हराम म्हणून बोट दाखवणे आणि हरामपासून वाचवायला हात देणे यांत फरक आहे.

मग मोहल्ल्याने करायचे काय? मय्यतीच्या वेळी आपण कामे वाटून घेतो, तसेच इथेही घ्यावे. एकाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओ.पी.डी. कोणत्या वारी असते हे माहीत असावे. एकाने रुग्णासोबत रिक्षात बसून जावे. एकीने त्या घरची मुले दोन तास सांभाळावीत. ज्याला मराठी येते त्याने केसपेपर भरून द्यावा. इमामसाहेबांनी वर्षातून दोन जुम्यांच्या बयानात तरी सांगावे की हा आजार आहे, ऐब नव्हे. रमजानमध्ये आपण किडनीच्या, हृदयाच्या रुग्णांसाठी जकात गोळा करतो. ज्या गरिबाची मनाची औषधे महिना संपायच्या आत संपतात, तोही त्याच जकातीचा हकदार आहे, हे कमिटीच्या वहीत लिहिले जावे. यातले एकही काम करायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

येत्या रमजानमध्ये कमिटीची बैठक भरेल तेव्हा वहीत असे एक नाव घालायचे का, हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे. एकाने विचारला आणि काम झाले तर साऱ्या मोहल्ल्याचे ओझे उतरेल. कुणीच विचारला नाही, तर त्या बंद खोलीचा जाब फक्त त्या घरच्यांनाच द्यावा लागणार नाही.